खात्रीची मेलेली चिप

"नवं यंत्र पारखायचं तर त्याला आधी मेलेली चिप दाखवावी," मिस्त्री म्हणाला. "चांगलीला चांगली कुणीही म्हणतं."

बाकावर तीन यंत्रं मांडलेली होती. नाणं टाकून खेळायचे कपाटाएवढे जुने व्हिडिओ गेम असतात, त्यांची चिप वाचायची आणि बिघडली तर नवी लिहायची, असलं ते यंत्र. इतकी वर्षं हे काम शहराच्या दुसऱ्या टोकाचा एक म्हातारा करून द्यायचा. तो गेला आणि मिस्त्रीच्या कारखान्यात चार गेम भिंतीला टेकून उभे राहिले. दुकानदाराने ओळखीवर तिन्ही यंत्रं दिली होती. वापरून बघा, परवडेल ते ठेवा, दोन उद्या परत आणा. दोन जरा ओढाताण करून घेण्यासारखी होती. तिसरं अगदीच स्वस्त, हातात घेतलं तर रिकामं वाटावं इतकं हलकं.

मिस्त्रीची बायको संगणकासमोर बसली होती. मिस्त्रीला आता पडद्यावरचं बारीक दिसत नसे.

"खात्रीची मेलेली चिप आणायची कुठून?" तिने विचारलं.

मिस्त्रीने वरच्या फळीवरून पत्र्याचा डबा काढला. आत सहा चिपा होत्या. नऊ वर्षं त्यांना कुणी हात लावला नव्हता.

"ह्या घे. तुझ्या लाडक्या दिराने मारलेल्या."

बायकोने डबा पुढे ओढला. सकाळीच दिराचा फोन आला होता. तो हल्ली एका गोदामात खोकी उचलत होता. पाठ धरली होती. "वहिनी, दादाला एकदा विचारून बघा. झाडू मारायला ठेवलं तरी येईन," म्हणाला होता. संध्याकाळी तो पुन्हा फोन करणार होता.

नऊ वर्षांपूर्वी एका बड्या गिऱ्हाइकाचा गेम धाकट्या भावाने जोडला आणि तो सुरूच झाला नाही. चिप उलटी बसवली की वीज देताच जळते. मिस्त्रीने तिथेच, गिऱ्हाइकासमोर, निकाल दिला होता की गाढवाने सहाच्या सहा उलट्या बसवल्या. धाकटा म्हणाला, "नाही रे दादा, सरळच होत्या. तू काल विजेचा सप्लाय बदललास ना, तो एकदा तपासू या का?" त्यावर मिस्त्रीने त्याच्या थोबाडीत दिली होती. गिऱ्हाइकाने चिपा मिस्त्रीकडेच टाकून गेम भंगारात घातला आणि काम काढून घेतलं. धाकट्याला मिस्त्रीने घराबाहेर काढलं, आणि या धंद्यातल्या प्रत्येकाला गाठून सांगितलं की याच्या हातात पेचकस देऊ नका. कुणी दिला नाही.

"लाव पहिलं," मिस्त्री म्हणाला.

बायकोने चिप यंत्रात बसवली. चिपेच्या पोटात जे लिहिलेलं असतं त्याची एक बेरीज येते. चिप बनते तिथून निघतानाच ती बेरीज चिपेच्या लेबलावर छापलेली असते. दोन्ही जुळल्या तर चिप चांगली.

"जुळली," बायको म्हणाली.

"काहीतरीच! पुसून लाव."

तिने चिपेचे पाय पुसले, पुन्हा लावली. "जुळली."

"मग यंत्र खोटारडं आहे. दुकानदाराने गळ्यात मारलं बघ. दुसरं घे."

दुसऱ्या यंत्राने तीच बेरीज दिली. बायकोने न विचारता पुढची चिप दोन्ही यंत्रांत लावली. मग तिसरी. दर वेळी ती लेबल मोठ्याने वाचत होती, मग पडदा मोठ्याने वाचत होती, आणि दर वेळी तिचा आवाज थोडा चढत होता. सहाव्या चिपेनंतर ती त्याच्याकडे वळली.

"अहो, सगळ्या चांगल्या आहेत. दोन्ही यंत्रं तेच सांगतायत."

मिस्त्री खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. बाहेर कुणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत होतं.

"मला एवढंच सांगा," बायको म्हणाली, "चिपा चांगल्या होत्या, तर मग गेम कशाने बंद पडला?"

ह्या धंद्यात मिस्त्रीचे केस पिकले होते. चिपा चांगल्या असून गेम उठत नसेल तर माणूस पहिला हात कुठे घालतो, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"संध्याकाळी भाऊजींचा फोन येईल. काय सांगू त्यांना? या म्हणू ना?"

"तिसरं राहिलंय," मिस्त्री म्हणाला.

"आता तिसरं कशाला?"

"लाव म्हटलं ना!"

तिने स्वस्तातलं यंत्र जोडलं आणि त्यात चिप बसवली. चिप नीट पकडलीच जाईना, बोटाने दाबून धरावी लागली. पडद्यावर भलतीच बेरीज आली. तिने पुन्हा वाचलं, तर तिसरीच.

"हे बघा, एकाच चिपेची दर खेपेला नवी बेरीज. याच्यावर ते चार गेम तर जन्मात उठायचे नाहीत." ती वायर काढायला वाकली.

मिस्त्रीने पुढे येऊन तिचा हात धरला.

"चिपेबद्दल काय म्हणतंय ते?"

"म्हणतंय खराब आहे. पण अहो, त्याला धड वाचताच..."

"हेच ठेवायचं," मिस्त्री म्हणाला. "ती दोन उद्या परत दे. याला या कामातलं कळतं."