खाडीच्या पाण्याचा डबा

किशोरीने डब्यांवरचा कागद काढला आणि पाठ केलेलं भाषण ती विसरलीच. दोन्ही डब्यांतलं भाताचं रोप हिरवंगार होतं. ‘खाडीचं पाणी’ अशी चिठ्ठी लावलेल्या डब्यातलं तर दुसऱ्यापेक्षा चांगलं बोटभर उंच.

सातवीची मुलं वर्गात काय शिकतात ते आज पालकांना करून दाखवत होती. ज्याचा प्रयोग उत्तम, तो मालवणच्या प्रदर्शनाला जाणार होता. किशोरीने एका रोपाला विहिरीचं आणि दुसऱ्याला खाडीचं पाणी घातलं होतं. खाडीचं पाणी प्यायलेलं रोप काल संध्याकाळी पिवळं पडून आडवं झालं, तेव्हा आनंदाने तिला जेवणही गेलं नव्हतं.

“खाऱ्या पाण्यात भात तग धरत नाही,” तिने कशीबशी सुरुवात केली.

“ह्येणां तर झकास तग धरल्यान,” मागून मितेश म्हणाला. वर्ग हसला. पालकही हसले, आणि त्यांना गप्प बसा म्हणायची सोय नव्हती.

शर्मिला बाईंनी डबा उचलून पाहिला. “किशोरी, पाणी नक्की खाडीचंच होतं?”

“हो बाई. रोज मी स्वतः घालत होते.”

तेवढ्यात तिला मुळाशी ताजा चिखल दिसला. सकाळी डबे कागदात गुंडाळून मोटारसायकलवरून कोणी आणले तेही आठवलं. शेवटच्या बाकावर तिचा बाप, शिवा, गुडघे बाहेर काढून बसला होता आणि तिच्याकडे कौतुकाने बघत होता.

“बाबानू, तुमी रोप बदललास?”

शिवा उभा राहिला. “मग काय करूचां? सकाळी बघलंय तर मेलां होतां. आपल्या शेतातल्या तरव्यातलां बरां रोप बघून लावलंय.”

“ता मरूकच होयां होतां.” किशोरीचा आवाज चिरकला. “ता मेलां तरच माजो प्रयोग बरोबर.”

शिवाने बाईंकडे पाहिलं, मग पुन्हा पोरीकडे. “मेलेलां रोप घेवन तू चार माणसांत उभी रवतलंस? लोक काय म्हणतले, शिवाच्या पोरीक एक रोप जगवूक येणा नाय?”

यावर निम्म्या पालकांनी माना डोलावल्या. सगळी भातशेतीवालीच माणसं ती. किशोरीला रडू येत होतं आणि यांच्यापुढे रडून काय उपयोग म्हणून संतापही येत होता. आठवडाभर खाडीवर बाटली घेऊन ती एकटीच गेली होती, त्याचं कोणालाच काही नव्हतं.

बाईंना हसू आवरत नव्हतं, पण त्यांनी मार्ग काढला. पुढच्या शनिवारपर्यंत त्या निवड थांबवणार होत्या. याच रोपाला आजपासून खाडीचं पाणी घालायचं आणि आठवड्याने ते जसं असेल तसं वर्गात आणायचं.

किशोरीने डबा बापाच्या हातात जवळजवळ आदळला. “घराक न्हेवन ठेवा. आणि ह्येका कोणी वाचवूचां नाय. समाजलां?”

“समाजलां गो,” शिवा म्हणाला आणि डबा पोटाशी धरून बाहेर पडला.

ती खिडकीतून बघत राहिली. शिवाने डबा मोटारसायकलच्या टाकीवर, दोन गुडघ्यांच्या मध्ये नीट बसवला. मग वर पाहिलं. पाऊस उघडून चांगलंच ऊन पडलं होतं. त्याने खांद्यावरचा टॉवेल काढला आणि पात मोडणार नाही अशा बेताने रोपावर सावलीला टाकला.

“बाबानू,” किशोरी खिडकीतून ओरडली.

“घाबरा नको,” किक मारत तो म्हणाला, “हळू चालवतंय.”