एक सूर पलीकडे

शेजारच्या आठल्येकाकूंनी भिंतीवर थाप मारून विचारलं, "काय चाललंय गं?" तेव्हा कुठे तिला मारणारा नवऱ्याचा हात थांबला.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "ऑफिसात साउंडप्रूफ पॅनलांची गणितं करतेस ना? मग या भिंतीलाही लाव. आवाज बाहेर जाता कामा नये."

तिने गणित मांडलं. प्रत्येक पॅनलचा, त्याच्या जाडीप्रमाणे, एक ठरावीक सूर असतो; तेवढा एक ते अडवत नाही. उलट स्वतःच थरथरून तो पलीकडे पोचवतं. तिने जाडी अशी निवडली, की तो सूर आपल्या किंकाळीचाच असावा.

पॅनल बसल्यावर टीव्ही मोठा लावून, डबा परत करायच्या निमित्ताने तो काकूंकडे जाऊन आला. तिकडे काहीच ऐकू येत नव्हतं. खुशीत त्याने दाराला कडी लावली.

"आता ओरड हवं तेवढं."

ती ओरडली, त्याच सुरात.

भिंतीवर थाप पडली.