गोटीरावाचा ठरलेला प्रश्न

पडद्याच्या फटीतून बाहुलीवाल्यानं खिडकीजवळचं टेबल बघितलं आणि पडदा पटकन ओढून घेतला. फुगे बांधलेल्या खुर्चीत त्याची मुलगी बसली होती. शेजारी तिची मावशी.

कितीतरी वर्षांनी बघत होता. तरी ओळखायला वेळ लागला नाही. हनुवटी आईचीच, आणि ऐकताना मान कलती करायची खोडही आईचीच.

“आधी त्या टेबलावर जा,” कीबोर्डवाला म्हणाला. “लग्न ठरलंय त्यांच्यात. मुलाकडच्यांनी अर्धी बोट अडवलीय.”

बोटीवरचा शिरस्ताच होता तो. संध्याकाळी नदीवरून फेरी, सूपबरोबर गाणी, जेवण वाढलं की बाहुलीवाला. ज्यांची पार्टी असेल त्यांच्यापासून सुरुवात. टाळायचं म्हटलं तर कसं टाळणार? नदीत उडी मारायची का?

पोरीचं लग्न ठरलं आणि बापाला पत्ता नाही! पण तक्रार कोणत्या तोंडानं करणार? बायको अंथरुणाला खिळली होती तेव्हा हा दूरगावी खेळ करत हिंडत होता. “हाती घेतलेले खेळ उरकतो आणि निघतोच,” असं फोनवर म्हणाला. ते उरकेपर्यंत तिकडे सगळंच उरकलं होतं. मुलीला मावशी घेऊन गेली. जाताना दारातच म्हणाली, “भावोजी, तुमच्याकडे बाहुला आहे. तुम्हाला मुलगी कशाला हवी?” ज्याचं पोटच बोलण्यावर, त्याला त्या दिवशी एक शब्द सुचला नाही. पुढेही कधी सुचला नाही.

आज मात्र त्यानं ठरवलं. माफी मागायची. स्वतःच्या तोंडून जमणार नाही, तर गोटीरावाच्या तोंडून मागायची. गोटीराव, म्हणजे त्याचा लाकडी बाहुला, काहीही बरळला तरी लोक हसतात. जिला कळायचं तिला कळेल, बाकीचे हसतील. हसू देत.

तो टेबलापाशी गेला. मुलीनं बाहुला बघितला आणि हातातला चमचा खाली ठेवला.

“अय्या, किती गोड आहे हा!” मुलाची आई म्हणाली.

“गोड म्हणू नका काकू, डॉक्टर रागावतात,” गोटीराव म्हणाला. सगळं टेबल हसलं. मुलगी हसली नाही, मावशीही नाही.

इथंच माफी मागायची होती. पण वर्षानुवर्षं तोच खेळ, तेच विनोद, त्याच जागा. लग्न ठरलेली मुलगी समोर आली की गोटीरावाचा प्रश्न ठरलेला. बाप डॉक्टर निघो नाहीतर ड्रायव्हर, पुढचा विनोद तयार. बाहुलीवाल्याचा हात सवयीनं हलला, आणि त्याला आवरायच्या आत गोटीराव विचारून मोकळा झाला.

“काय नवरीबाई, बाबा काय करतात तुमचे?”

खालच्या इंजिनाची घरघर ऐकू यायला लागली.

“बाबा नाहीत,” मुलगी म्हणाली.

“लहानपणीच गेले हो तिचे आईबाबा,” मुलाची आई हळू आवाजात म्हणाली. “या मावशींनीच वाढवलंय पोरीला. दुसरं काहीतरी विचारा ना.” मावशी ताटात बघत राहिली.

म्हणजे तो मेला होता. कधी मेला, कशानं मेला, त्याचं त्यालाच माहीत नाही. स्वतःच्या मरणाची बातमी माणसाला अशी कळावी, भर जेवणात, लोकांचे घास तोंडात असताना! त्याला वाटलं ओरडून सांगावं, मी आहे, हा काय तुमच्यासमोर उभा आहे. पण मग पोरगी सगळ्यांसमोर खोटी पडली असती, आणि ठरलेलं लग्न मोडायला तेवढं पुरतं. आधीच तिचं कमी वाटोळं केलं होतं का?

“चुकलो, नवरीबाई,” गोटीराव म्हणाला. त्याचा आवाज फारच बारीक आला. “फार मोठी चूक झाली माझी. मला वेळेवर अक्कल सुचतच नाही. लाकडाचं डोकं आहे ना!”

लोकांना हायसं वाटलं, ते हसले. बाहुलीवाल्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण बाहुला बोलत असला की माणसाकडे कोण बघतं? मुलगी बघत होती.

तिनं हात पुढे करून गोटीरावाची मान आपल्याकडे वळवली आणि त्याच्या कानाशी वाकली. “बघा, कानात सांगतेय काहीतरी!” नवरा मुलगा कौतुकानं म्हणाला.

“लग्नाला या,” ती कुजबुजली. “पण खेळ करायला म्हणून. बाबा म्हणून नको. आता नाही हो सांगता येणार मला कोणाला.”

“काय म्हणाली? काय म्हणाली?” टेबलावर एकच गिल्ला झाला.

गोटीरावानं सगळ्या टेबलावरून मान फिरवली. मग एकदम ओरडला, “मला लग्नाचं आमंत्रण मिळालं!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. “वा! पहिल्या रांगेत बसवू तुला,” मुलाची आई म्हणाली. मग तिलाच बाहुलीवाल्याची दया आली. “आणि यांना नाही का रे बोलावलं?”

गोटीरावानं मान वळवून बाहुलीवाल्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“ह्याला? ह्याला कोण बोलावतंय! पण मला उचलून आणायला कोणीतरी लागेलच ना.”