गुंजेचं वजन

"पट्टा राहू द्या की, मॅडम. तेवढाच हातभार," कारकून म्हणाला आणि स्वतःच हसला.

डॉक्टरीणबाईंनी पट्टा काढला. गुंज काट्यावर उभी राहिली. ओंजळीत मावेल एवढी कुत्री. आकडा थोडा थरथरला आणि स्थिरावला. एक किलो सातशे वीस.

"मागच्या महिन्यात एक किलो साडेआठशे," डॉक्टरीणबाई कार्ड बघत म्हणाल्या. "वाढायचं सोडून उतरलंय."

"असं कसं होईल?" कारकून काट्यावर वाकला. "घरात माझे होत नाहीत तेवढे लाड हिचे होतात. ही रोज समोर बसून भरवते तिला. काय गं?"

त्याची बायको भिंतीशी उभी होती. गुंजेला गुंडाळून आणलेल्या टॉवेलची ती घडी घालत होती. "हो," ती म्हणाली, आणि घातलेली घडी मोडून पुन्हा घालू लागली.

"स्थळ तयार आहे, मॅडम. शेजारच्याच बिल्डिंगमध्ये मुलगा आहे, देखणा आहे, हुंड्याचं नाव नाही. मुलीच्या अंगाला काही लागत नाही, एवढंच अडलंय. दोन किलो झाली की बघू, असं तुम्हीच म्हणाला होतात. पुढच्या महिन्यात ती माजावर येईल. साहेबांच्या लेकीला पिल्लू कबूल करून बसलोय मी. त्यांनी माझी लांबची बदली अडवून धरलीय, ती काय माझ्या रूपावर भाळून?"

डॉक्टरीणबाईंनी गुंजेच्या हिरड्या पाहिल्या, पोट चाचपलं. आजाराचं काही दिसेना. त्यांनी कपाटातून एक वाटी काढली, तीत खाणं घातलं आणि वाटी जमिनीवर ठेवली.

गुंज वाटीवर तुटून पडली. एक घास. दुसरा घास. मग ती आपणहून दोन पावलं मागे सरली, खाली बसली आणि मान वर करून कारकुनाच्या बायकोकडे बघत राहिली.

"बघा! दोन घासांत पोट भरलं," कारकून म्हणाला. "भूकच नाही हो हिला. एखादं टॉनिक लिहून द्या."

गुंजेच्या तोंडातून लाळ गळत होती. फरशीवर तिचा ठिपका पडला, मग दुसरा. डॉक्टरीणबाईंनी ते ठिपके पाहिले. मग बायकोचा हात पाहिला. तो टॉवेल सोडून वाटीकडे निघाला होता. अर्ध्यावर तो थांबला आणि मागे आला.

तेवढ्यात कारकुनाचा फोन वाजला. "साहेब," तो कुजबुजला, शर्टाचं गळ्याचं बटण लावलं आणि बाहेर पॅसेजमध्ये गेला.

"दोन घासांनंतर वाटी कोण उचलतं?" डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं.

बायको म्हणाली, "मी पण तेवढंच खाते. तिच्यासमोर बसून." तिने पदर सावरला, तसं मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत घसरलं.

"अहो, पण उपाशी मारायचंय का तिला?"

"तुम्हीच त्या दिवशी मला दाखवलं होतंत." तिने दोन बोटांत जेमतेम फट धरली. "हिच्या कमरेच्या हाडात एवढीच जागा आहे म्हणालात. पिल्लू अडकेल. पोट उघडावं लागलं, तर गुंगीतून ती उठेलच असं नाही. आणि यांना मात्र सांगितलंत, दोन किलो झाली की बघू."

"नाही म्हणायची ती माझी रीत हो. एवढीशी जात, दोन किलो कुठून होणार, असं वाटलं मला."

"होत आली होती. हे पहाटे उठून अंडं भरवायचे तिला. शेवटी मीच म्हटलं, तुमची झोपमोड होते, मी बघते तिचं."

"मग घरात बोलायचं होतंत."

"बोलले की. म्हणाले, डॉक्टरांपेक्षा तुला जास्त कळतं का?" तिने दाराकडे पाहिलं. "आता सरळ नाही म्हणा ना, बाई. एकदाच."

डॉक्टरीणबाईंनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "मी नाही म्हटलं तर उद्या ते हिला दुसरीकडे नेतील. चौकापलीकडे एक जण बसतो. त्याच्याकडे काटाच नाही."

पॅसेजमधून आवाज येत होता. "हो साहेब... झालंच म्हणून समजा साहेब... बेबीला म्हणावं, रंग तेवढा सांगून ठेव." मग मोठं हसू. फोन बंद झाला, हसूही थांबलं. कारकून आत आला तेव्हा रुमालाने मान पुसत होता.

"साहेब विचारतायत. काय सांगू?"

डॉक्टरीणबाई कार्डावर वाकल्या. "अडीच," त्या म्हणाल्या. "अडीच किलो व्हायला हवी."

"मागे दोन म्हणाला होतात."

"मागे दोन म्हणाले होते. आता अडीच."

कारकून बोटांवर काहीतरी मोजत राहिला. ओठ हलत होते. मग त्याचा चेहरा खुलला. "अडीच तर अडीच! लागू कामाला. अगं, आजपासून तिच्या जेवणाला मी बसणार. तुझ्या हाताला काही यश नाही बघ."

त्याने वाटी पुढे सरकवली. "खा गं, राणी."

गुंज हलली नाही. ती वर बघत होती.

"तू सांग बाई तिला. तुझंच ऐकते ती."

बायको खाली बसली. गुंजेच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणाली, "खा."

गुंजेने तिच्या हाताकडे पाहिलं.

तिने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकात एक घट्ट धरले. "खा ना गं."

गुंजेने तिसरा घास घेतला. आणि तो तसाच तोंडात धरून, हात कुठून येतो ते बघत राहिली.