पाचवा अल्बम

"आणि तो डाव्या कुशीवर झोपतो," बाळाच्या आईने तिसऱ्यांदा सांगितलं.

पाळणाघरातल्या मावशींनी "हं" केलं. त्यांचं अर्धं लक्ष दुपट्यांच्या घड्या घालण्यात होतं आणि उरलेलं अर्धं चिमणीशी भांडण्यात. चिमणी म्हणजे त्यांची कामातली जोडीदारीण. अंगाने चांगली आडदांड, नाव पडलेलं ते आवाजावरून. तिने खिडकीत मोबाइल उभा करून ठेवला होता आणि त्यावर एका नावाजलेल्या गायिकेचा नवा, पाचवा अल्बम चालू होता.

आईने बाळाला आणखी घट्ट धरलं. गेले तीन दिवस ती याच दारातून त्याला घेऊन परत गेली होती आणि ऑफिसला फोन करून बाळाला ताप आहे म्हणाली होती. काल साहेब म्हणाले होते, उद्या नाही आलात तर मग येऊच नका. साडेनऊची हजेरी होती. तिने आल्या आल्या मोजलं होतं: सात मुलं, बायका दोन. आणि त्या दोघींचं हे चाललंय!

"बंद कर गं ते," मावशी म्हणाल्या. "पहिल्या अल्बममध्ये काय गायची! आता नुसतं धाडधाड. गाणं आत कुठे आहे ते शोधावं लागतं."

"बदलली ती, मावशी. जन्मभर काय एकच सूर आळवत बसायचं?"

"बदलली म्हणे! कंपनीने बदलली. पाच अल्बमचा करार आहे. ठेका त्यांचा, शब्द त्यांचे, अंगावरचे कपडेसुद्धा त्यांचे. हिचं काय, तर फक्त गळा."

"मग गळा काय कमी आहे?"

मावशींनी मान न वळवता हात लांब केला, मागे रांगणाऱ्या मुलीच्या तोंडातून गाडीचं रबरी चाक काढलं, खिशात टाकलं आणि पुढच्या दुपट्याला हात घातला. आई मघापासून त्या मुलीकडेच बघत होती. चाक तिला दिसलंच नव्हतं.

"तुम्हाला आवडते का हो ही, ताई?" चिमणीने विचारलं.

आईला खरं तर विचारायचं होतं की बाटल्या किती वेळ उकळता. पण तोंडातून निघालं, "आवडायची. आता तिचा श्वास काढून टाकलाय त्यांनी."

"म्हणजे?"

"आधी कडवं सुरू व्हायच्या अगोदर ऐकू यायचा. धाप लागल्यासारखा. आता ऐका बरं. थांबा, मागे घ्या जरा. हां, इथे. आला ऐकू?"

चिमणीने मोबाइलला कान लावला. मावशींनी दुपटं खाली ठेवलं.

"नाही आला," चिमणी म्हणाली.

"मशीनवर कापतात. इतका वेळ श्वास न घेता कोण गातं?"

"बघ! मी काय म्हणत होते?" मावशी चिमणीवर उखडल्या.

"पण सगळं कंपनीवर ढकलू नका, मावशी," आईचा आवाज चढला. कितीतरी महिन्यांत ती शी, शू आणि लसींशिवाय कशावर बोललीच नव्हती. "सही तिनेच केली ना? कोणी हात धरून करायला लावली नव्हती."

"सही करताना काय कळतं, ताई? पुढे आपण कसे होणार, आपल्यालाच ठाऊक नसतं."

"मग सोडायचं."

"सोडून गाणार काय? जुनी गाणीसुद्धा कंपनीचीच. स्वतःचं गाणं स्टेजवर म्हणायचं तर त्यांना विचारावं लागतं बिचारीला."

"बिचारी कशाला?" चिमणी मध्येच म्हणाली. "तिला आवडत असेल ते. दिवे, गर्दी. घरातून उठून चार माणसांत जावंसं वाटत असेल बाईला. तुम्ही दोघी आपल्या तिला रडवताय."

आई म्हणाली, "वाटू दे की. पण श्वास कशाला लपवायचा? दमली तर दमलेली दिसू दे."

गाणं संपलं होतं. आईच्या लक्षात आलं की ती दोन्ही हात हलवून बोलतेय आणि दोन्ही हात रिकामे आहेत.

बाळ मावशींच्या खांद्यावर होतं, त्यांच्या गळ्यातल्या चष्म्याची दोरी ओढत.

"कधी घेतलंत?"

"तुम्हीच दिलंत, ताई. श्वास ऐकवताना." मावशींनी तिच्याकडे न बघता दोरी सोडवून घेतली. "निघा आता. नऊ वाजून गेले."

ती निघाली. फाटक लावलं आणि खिडकीखालच्या भिंतीला टेकली. सात श्वास घेतले असतील नसतील, तेवढ्यात रडणं सुरू झालं. तिच्या ओळखीचं, अर्धा अर्धा तास न थांबणारं. तिचा हात फाटकाकडे गेला.

आतून मावशींचा आवाज आला, बोलण्याची लय जराही न मोडता. "उगी हं, उगी. तर मी काय म्हणत होते, आता हा पाचवा झाला ना? म्हणजे करार संपला. पुढचा अल्बम ऐक, मग कळेल खरी कशी गाते ती."

"पैज?" चिमणी म्हणाली.

रडणं खाली आलं. दोन उचक्या. मग काहीच नाही.

समोरच्या थांब्यावर तिची बस आली, थांबली आणि गेली. ती भिंतीला टेकून उभीच होती, तो पुन्हा रडेल म्हणून.