लुझमिलाचं भांडं

आसुन्ताबाईंनी लाकडी पळी फुंकून गार केली आणि सुनेच्या ओठांशी धरली. तान्ह्या लेकराला भरवावं तशी.

पाट्यावर तिखट वाटता वाटता त्यांची लेक फिदेलिया बघत होती. अर्धचंद्रासारखा दगडी वरवंटा तिच्या हातांखाली डुलत होता, इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि लाल मिरच्यांचा रस बोटांच्या चिरांमध्ये उतरत होता. तो झोंबत नव्हता. झोंबत होती ती पळी.

लुझमिलाने चाखलं, डोळे मिटले, सासूच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. सासूने मान डोलावली. दोघींचं आपसातच काय ते चाललेलं.

मग आसुन्ताबाई लेकीच्या भांड्यापाशी आल्या. झाकणसुद्धा उचललं नाही. "वाढा," म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

हे गेल्या हिवाळ्यापासूनचं. बाई तापाने अंथरुणाला खिळल्या, तेव्हा सून उशाशी बसली आणि लेक चुलीशी. कुणीतरी खानावळ चालवायला हवीच होती. ताप उतरला, बाई उठल्या त्या सुनेचा हात धरूनच. पुनोकडच्या थंड माळावरून आलेली, नदीची कोळंबी कशाशी खातात ते ठाऊक नसलेली पोरगी. ती आता आरेकिपा शहरातल्या ह्या चुलीवर चुपे, कोळंबीचं दाट सूप, रांधत होती, आणि जिचं बाळपण ह्याच धुरात काळवंडलं, ती वाटण वाटत होती.

बाकांवर दाटीवाटीने बसणाऱ्या गिऱ्हाइकांच्याही नजरेतून हे सुटलं नव्हतं. म्हातारा हिलारियो, रोजचा जेवणारा, एकदा चिचाचा, मक्याच्या दारूचा, पेला खाली ठेवत म्हणाला, "फिदेलिया, सुनेला पळी अन् लेकीला वरवंटा. तुझ्या आईने वाटण्या करून टाकल्या की गं."

सगळे हसले. फिदेलियाही हसली. आत जाऊन कांदा चिरायला घेतला, म्हणजे डोळ्यांचं कुणाला सांगावं लागणार नाही.

खरी वाटणी मात्र अजून व्हायची होती. गुडघे बोलायला लागले तशा आसुन्ताबाई चूल सोडणार होत्या. मेरीमातेच्या सणाला, जेवणं झाल्यावर, सगळ्या पंगतीसमोर सांगणार होत्या की उद्यापासून चूल कुणाची. फिदेलियाला दुसरं काही नको होतं. नवरा नाही, मूल नाही. जे काही होतं ते त्या चुलीपाशीच होतं.

सणाची सकाळ उजाडली ती मिस्ती डोंगराच्या माथ्यावर नवं बर्फ घेऊन. फिदेलियाच्या भावाने, रोमुलोने, चिचा तयार असल्याचं लाल फडकं दारावरच्या काठीला बांधलं. आत एका चुलीवर फिदेलियाचा डुकराच्या मांसाचा अदोबो रटरटत होता. दुसरीवर लुझमिलाचं चुपे: दूध, बटाटे, चीज, आणि शेंदरी झालेली कोळंबी.

लुझमिला नेहमीसारखी चाखायला पळी घेऊन पुढे आली. आसुन्ताबाईंनी तिचा हात धरला.

"आज राहू दे. तू फुलं घे आणि पालखीला सामोरी जा." मग जाता जाता लेकीला म्हणाल्या, "दोन्ही भांड्यांवर लक्ष ठेव गं."

म्हणजे मिरवायचं तिने, आणि तिच्या भांड्याची राखणही मीच करायची.

"बरं," फिदेलिया म्हणाली.

बाहेर ताशे वाजायला लागले. चुलीपाशी कुणी नव्हतं. फिदेलियाने मिठाचं मडकं उघडलं, लुझमिलाच्या भांड्यात एक मूठ सोडली. हात थांबला. मग ती फुंकून गार केलेली पळी आठवली, आणि दुसरी मूठ गेली.

सणाला ह्या घराची एक रीत होती. पहिला वाडगा घरातल्या मोठ्या बाईने पंगतीसमोर बसून खायचा. तिने चमचा खाली ठेवला, की मग बाकीच्यांनी उचलायचा.

सगळ्यांना वाढून झालं. आसुन्ताबाई टेबलाच्या टोकाशी बसल्या. शेजारी फुलांनी भरलेली ओंजळ घेऊन लुझमिला, मागे चिचाची घागर घेऊन फिदेलिया. रोमुलोने आईपुढे चुपेचा वाडगा ठेवला.

पहिला चमचा. फिदेलिया आईच्या तोंडाकडे बघत होती. आता थुंकतील. आता त्या पोरीकडे वळतील.

दुसरा चमचा. तिसरा. बाईंनी कोळंबीचं कवच सावकाश सोडवलं, पावाचा तुकडा बुडवून खाल्ला, वाडगा तिरका करून शेवटचा घोट घेतला, ओठ पुसले.

"मातेच्या कृपेने छान झालंय. जेवा."

फिदेलियाने घागर कमरेवर सरकवली. सुनेची लाज राखायला ही बाई हसत हसत समुद्र गिळेल. माझं तर झाकणही कधी उचललं नाही.

चमचे वर गेले आणि तसेच खाली आले. हिलारियोला ठसका लागला. त्याने चिचाचा पेला एका दमात रिकामा केला. बाकीचे आपापल्या वाडग्यात बघत राहिले. आसुन्ताबाईंच्या टेबलाशी आजवर कुणी नावं ठेवली नव्हती. कशी ठेवतात, ते कुणाला माहीत नव्हतं.

बाईंनी एकेकाचा चेहरा पाहिला. मग लुझमिलाला बाहीला धरून खाली ओढलं आणि दबक्या आवाजात विचारलं. पण फिदेलिया अगदी पाठीशीच उभी होती.

"काय झालं गं? लवकर चाखून सांग. त्या तापापासून मला खारट काय, आंबट काय, काहीच कळत नाही. तुझ्याच जिभेवर तर चाललंय माझं."

लुझमिलाने चमचाभर तोंडात घातलं आणि तिचा रंगच उतरला. "आई, आज मी चाखलंच नव्हतं. तुम्हीच नको म्हणालात."

"हो, मीच म्हणाले," आसुन्ताबाई गोंधळून म्हणाल्या. "फिदेलिया होती ना चुलीपाशी. मग चाखायचं कशाला?"