जाऊबाईंचा विनोद

परदेशातल्या परिषदेत मी बोलायला उभी राहिले. समोरचे सगळे कानाला यंत्र लावून दुभाष्याचं ऐकत होते, आणि दुभाष्या माझ्या दोन वाक्यं मागे होता.

"गरिबांसाठी स्वस्त चष्म्यांचा कारखाना थोरल्या जाऊबाईंनी आणि मी काढला. अशा धंद्यांना दान नको, भांडवल द्या. जाऊबाई म्हणायच्या, 'पहिला चष्मा सासूबाईंना दिला, तिथंच आपलं चुकलं!'"

कुणीच हसलं नाही. मी ओशाळून पुढे बोलले, "खरं तर आज इथं जाऊबाईच बोलणार होत्या. मागच्या महिन्यात त्या वारल्या."

तेवढ्यात सासूबाईंचा चष्मा सगळ्यांच्या कानात शिरला आणि अख्खं सभागृह खळखळून हसलं.



जाऊबाई, पोचलात हो तुम्ही.